वॉटरकलरमध्ये पांढरा चालतो का आणि आपली स्टाईल कुठून आणायची

प्रश्न खानापूरच्या एका मुलीचा आहे, थोडक्यात असा. नोकरी सांभाळून चार-पाच वर्षं वॉटरकलर करतेय, बहुतेक सगळं मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकलेय, हात बसलाय पण चित्र माझं वाटत नाही, कुणाचंही वाटतं. क्लासचे सर म्हणतात पांढरा आणि काळा डब्यातून काढूनच टाक, पांढरा लावला की ते वॉटरकलर राहत नाही. दुसरे एक म्हणतात चित्र एका बैठकीत संपलं पाहिजे. तर हे नियम केले कुणी, वॉटरकलर इथपर्यंत आलं कसं आणि यात माझी वाट कशी सापडणार? सोबत तिनं बऱ्याच चित्रांचे फोटो पाठवलेत.

अगं, स्टाईलचं नंतर बघू, आधी नियमांचं बघू, कारण माझ्या मते तुझ्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे. तुला जे नियम सांगायलेत त्यातला एकही आकाशातून पडलेला नाही. कुठला तरी कागद, कुठली तरी हवा, नाहीतर कुणाचं तरी पोटापाण्याचं काम, यातूनच प्रत्येक नियम तयार झालाय आणि ते काम संपलं, कागद बदलला, तरी नियम तेवढा मागं राहिलाय. आपण तो देवाऱ्यात ठेवून पूजा करत बसलोय.

पांढऱ्याचंच घे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररचा १५०२ सालचा ससा सगळ्यांनी कुठं ना कुठं बघितलेला असतो, वॉटरकलरचा इतिहास सांगायला बसलं की पहिलं तेच चित्र काढतात. त्या सशाच्या अंगावरचे बारीक केस कशानं काढलेत? अपारदर्शक रंगानं, पांढरा वापरून. आपल्याकडं मुघल, राजस्थानी, दख्खनी लघुचित्रं बघ, तीही पाण्यातलेच रंग, डिंकात खललेले, पण पांढरा मिसळून जाड केलेले आणि वरून अकीक दगडानं घोटून चमक आणलेली. म्हणजे पारदर्शक असेल तरच वॉटरकलर ही गोष्ट ना युरोपात सुरुवातीपासून होती ना हिंदुस्थानात. ती आली इंग्लंडातून, आणि तीसुद्धा बऱ्यापैकी उशिरा.

आता इंग्लंडात काय झालं ते जरा नीट सांगतो, कारण तुझ्या क्लासमधला अर्धा अभ्यासक्रम तिथनं आलाय. पॉल सँडबी म्हणून चित्रकार होता, त्याची सुरुवात स्कॉटलंडच्या लष्करी सर्व्हेत नकाशे काढण्यात झाली, १७४७ च्या सुमारास. तिथल्या बंडानंतर सरकारला डोंगर-दऱ्या-वाटा कागदावर पाहिजे होत्या. अशा कामाला रेषा आधी, मग राखाडी छाया, मग वरून हलका रंग, म्हणजे रेषा झाकली जाऊ नये एवढाच रंग. रंग पातळ का? तर खालची माहिती दिसली पाहिजे म्हणून! पुढं हाच सँडबी १७६८ पासून वूलिचच्या लष्करी अकादमीत ड्रॉइंग मास्तर झाला, तोफखान्याच्या आणि इंजिनिअर पोरांना हेच शिकवायला. तसलं ड्रॉइंग शिकलेले अधिकारी मग ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेबरोबर इकडं आले. नंतर आपल्याकडं सरकारी कलाशाळा निघाल्या, ड्रॉइंगच्या परीक्षा आल्या. तू लोअर-हायर दिली असशील, पलीकडं महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएट. आठव, पेन्सिलीनं आऊटलाईन पक्की करायची आणि मग रेषेच्या आत सपाट वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा एकसारखा थर, भरायचा, बाहेर गेला की मार्क गेले. मला तर वाटतं की सर्व्हेच्या कारकुनाची ती पद्धत आपल्या शाळेच्या पेपरात अजून जिवंत आहे. वाईट नाही, हात तयार होतो. पण ती नकाशाची पद्धत आहे हे माहीत पाहिजे.

ती मोडली थॉमस गर्टिन या इंग्रज चित्रकारानं. हा त्या प्रसिद्ध चित्रकार टर्नरच्याच वयाचा, दोघंही १७७५ चे, आणि १८०२ मध्ये सत्ताविशीत गेला बिचारा. त्यानं खालची राखाडी छाया टाकून दिली, थेट रंगच लावायला सुरुवात केली, तोही साध्या खरबरीत कागदावर. १८०० सालचं त्याचं चेल्सीतल्या पांढऱ्या घराचं चित्र शोधून बघ, संध्याकाळची नदी, सगळीकडं मंद वॉश आणि त्यात एक घर म्हणजे नुसता सोडलेला कागद. पांढरा कागदातून काढायचा हे तिथं असं काही जमून आलंय की पुढं त्याचा कायदाच झाला. पण त्याच वेळी टर्नर काय करत होता? नखानं कागद खरवडत होता, ओला रंग पुसून काढत होता, पांढरा पाहिजे तिथं पांढरा लावत होता. त्याला कुणी बाहेर काढलं नाही.

आणि हे खरवडणं-पुसणं जमत होतं ते कागदामुळं, हे कुणी सांगत नाही. व्हॉटमन वगैरे गिरण्यांचा चिंध्यांपासून केलेला, जिलेटिनचं सायझिंग दिलेला कागद होता तो. सायझिंग म्हणजे कागदाला दिलेली खळ समज, त्यामुळं रंग आत न मुरता वर राहतो, नंतर उचलता येतो. आपण काय करतो, दुकानातला पातळ कार्ट्रिज कागद घेतो, त्यावर टर्नर करायला जातो, कागदाची साल निघते आणि म्हणतो मला जमत नाही. अगं तुला जमतंय, कागदाला जमत नाही.

रंगाचंही तसंच. १७८० च्या आसपास रीव्हज बंधूंनी पाण्यात घासायच्या तयार वड्या काढल्या, त्याआधी ज्याचा त्यानं खलायचा. १८३४ ला विन्सर अँड न्यूटननं झिंकचा चायनीज व्हाईट हा पांढरा बाजारात आणला, १८४१ ला जॉन रँड नावाच्या चित्रकारानं दाबता येणारी धातूची ट्यूब काढली. एवढं सगळं खिशात मावायला लागल्यावर लोक बाहेर बसून चित्रं काढायला लागले आणि एका बैठकीत संपवायचा नियम तिथनं जोरात आला, कारण ढग कुणासाठी थांबत नाही. १८०४ ला वॉटरकलरवाल्यांनी आपली वेगळी सोसायटी काढली होती कारण रॉयल अकादमीच्या प्रदर्शनात तैलचित्रांच्या गर्दीत यांची चित्रं मार खायची. मग स्वतःला वेगळं म्हणवायचं तर वेगळेपण दाखवायला लागतंच, पारदर्शकपणाचा अभिमान त्यातनंही वाढला. धंद्याचं गणित होतं हो, दुसरं काय.

काळ्याबद्दल थोडक्यात: पेन्स ग्रे म्हणून जो रंग मिळतो तो विल्यम पेन नावाच्या इंग्रज चित्रकाराचा, तो निळा-पिवळा-लाल मिसळून सावलीसाठी राखाडी करायचा. आज बऱ्याच कंपन्यांच्या पेन्स ग्रेच्या ट्यूबमध्ये सरळ काळा असतो. म्हणजे सर काळा काढून टाक म्हणतात आणि पेन्स ग्रे चालतो म्हणतात, चालू दे.

आता आपल्याकडं. कंपनीच्या काळात लघुचित्रांच्या घराण्यातले चित्रकार साहेबांसाठी पक्षी-झाडं काढायला लागले, कलकत्त्यात इम्पे या इंग्रज दांपत्यासाठी शेख झैनुद्दीननं केलेली चित्रं व्हॉटमन कागदावरच आहेत, आणि कागद बदलल्याबरोबर हातही बदललेला दिसतो, जाड रंग पातळ झाला, मागची जमीन मोकळी राहिली. पुढं १९०३ मध्ये जपानहून योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो हे चित्रकार कलकत्त्याला आले, त्यांच्याकडं बघून बंगालच्या अवनींद्रनाथ ठाकुरांनी आपली वॉश पद्धत बसवली. रंग लावायचा, वाळू द्यायचा, अख्खा कागद पाण्यात बुडवायचा, परत रंग, परत पाणी. १९०५ ची भारतमाता तशीच धुकटलेली आहे. आता सांग, एका बैठकीत संपलं पाहिजे हा नियम यांना लावायचा का? त्यांच्या हाताखाली शिकलेले आपल्या म्हैसूरचे के. वेंकटप्पा, त्यांनी नंतर उटी आणि कोडाईकनालचे डोंगर वॉटरकलरमध्ये केले, ढग-धुकं-ऊन सगळं आहे त्यात. बेंगळुरूला गेलीस तर त्यांच्या नावाची गॅलरी आहे.

दुसरीकडं मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १८५७ ला सुरू झालेलं, तिथनं घडलेले आपल्या भागातले दोघं तुला माहीत पाहिजेतच. सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर, हातात समई घेतलेल्या बाईचं ते प्रसिद्ध चित्र त्यांचं, म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसात आहे, मॉडेल म्हणून त्यांची मुलगीच उभी होती. लोक वर्षानुवर्षं ते रविवर्म्याचं तैलचित्र समजत आले, आणि आहे ते वॉटरकलर! साडीतून झिरपणारा तो उजेड बघितला की पारदर्शक रंगाची ताकद कळते, मी पारदर्शकच्या विरोधात नाही बाबा, नियमाच्या विरोधात आहे. दुसरे कोल्हापूरचे आबालाल रहिमान. जे. जे. मध्ये शिकून परत कोल्हापुरात येऊन राहिले, शाहू महाराजांचा आश्रय होता, १९३१ ला गेले. कोटीतीर्थ, रंकाळा, पंचगंगा, तेच तेच तळं, तीच नदी, वेगळ्या वेळेला, वेगळ्या उजेडात. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये त्यांची चित्रं आहेत. बेळगावातनं एसटीनं दोन-अडीच तासाचं काम, एक रविवार काढ आणि जाऊन बघ, मोबाईलवर बघू नको. मोबाईलवर कागदाचा दाणा दिसत नाही, रंग कुठं बसलाय, कुठं तरंगलाय ते दिसत नाही, चित्राचा आकार तर कळतच नाही.

आपण सीमाभागातले लोक भांडणातच जास्त प्रसिद्ध, पण चित्रकलेच्या हिशेबानं आपण फार नशिबवान जागी बसलोय. एका बाजूला कोल्हापूरची वास्तववादी परंपरा, दुसऱ्या बाजूला म्हैसूर-बेंगळुरूकडं बंगालची वॉश पद्धत घेऊन आलेले लोक. बेळगावातच के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली किती जण तयार झाले, रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी, आणि परांजपेंनी पुढं इलस्ट्रेशनमध्ये जे केलं ते सरांच्या चित्रासारखं अजिबात दिसत नाही. पाया एक, इमारत वेगळी.

मग आता तुझ्या चित्रांकडं येतो. स्पष्ट बोलू का? तू पाठवलेल्यात व्हेनिसची होडी आहे, बनारसचे घाट आहेत, लाल बससकट लंडनचा पाऊस आहे. खानापूरचा पाऊस नाही. खानापुरात राहून! जून ते सप्टेंबर जो पाऊस तुझ्या दारात कोसळतोय, कणकुंबी-जांबोटीकडं तर चार हात पुढचं दिसत नाही, तो सोडून तू दुसऱ्या कुणी तरी फोटो काढलेला, तिसऱ्या कुणी तरी रंगवलेला पाऊस काढतेस. तो कुणाचाही वाटणारच, कारण तो कुणाचाही आहे.

पण त्याच फोटोंत एक बारकं चित्र आहे, बहुतेक रंग बघायला कोपऱ्यात केलेलं, कौलांवर शेवाळ चढलंय, खाली जांभ्याची भिंत, मागं धुकं. ते मी मोठं करून बघत बसलो होतो. त्यात तू पांढरा वापरलायस, शेवाळाच्या हिरव्यात थोडा आणि धुक्यात बराच. आणि तेवढंच चित्र दुसऱ्या कुणाचं वाटत नाही. सरांना दाखवलं नसशील, होय ना?

ते का जमलंय ते सांगतो, यात जादू काही नाही. गडद रंगावर पातळ पांढरा फिरवला की तो नुसता पांढरा दिसत नाही, निळसर दिसतो, दुधाळ. डोंगरावर चढणारं धुकं असंच दिसतं, मागं गडद झाडी आणि पुढं पातळ पांढरा पडदा. ते इंग्लंडसारखं कागद सोडून किंवा रंग उचलूनही करता येतं पण त्याला वेगळी, उबदार झाक येते. तुला पाहिजे होतं चोर्ला घाटातलं थंड धुकं, हातानं आपोआप पांढरा उचलला. भिंतीचंही तसंच, जांभ्याचा लाल म्हणजे लोहाचा ऑक्साईड, आणि बर्न्ट सिएना, लाईट रेड हे रंगही लोहाच्या ऑक्साईडचेच. त्यामुळं आपल्याकडच्या लालला महागडे लाल लागत नाहीत, उलट ते घातले की माती प्लॅस्टिकची वाटायला लागते.

पांढऱ्याचे तोटे पण आहेत, ते ऐकून ठेव. प्रत्येक मिश्रणात घातलास तर सगळं चित्र खडूसारखं पडेल, वाळल्यावर तर आणखीनच. आणि एकाच भागात सोडलेल्या कागदाचा पांढरा आणि लावलेला पांढरा असे दोन्ही ठेवू नको, दोघांची जात वेगळी, डोळा लगेच अडकतो. आकाश कागदाचं तर पुढचं धुकं रंगाचं, असं वाटून घे.

हवेचं आपण कुणीच मनावर घेत नाही. व्हिडिओत तो माणूस ओल्यात ओला रंग सोडतो आणि निवांत बोलत बसतो, ती हवा थंड देशातली. आपल्याकडं एप्रिलमध्ये ब्रश दुसऱ्या टोकाला जाईपर्यंत पहिलं टोक वाळलेलं असतं, सगळीकडं कडक कडा. आणि जुलैमध्ये तोच वॉश दोन तास वाळत नाही, तू घाई करून दुसरा थर देतेस आणि ब्लूम, म्हणजे फुलासारखे पाण्याचे डाग, पडतात. उन्हाळ्यात कागद दोन्ही बाजूंनी भिजवून अॅक्रिलिकच्या शीटवर ठेव, पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब टाक, जास्त नको, नाहीतर चिकट राहतं. पण मी म्हणतो हवेशी एवढं भांडायचं तरी कशाला? उन्हाळ्यातलं आपलं ऊनच कडक आहे, दुपारी बेळगावच्या खडे बाजारात सावली सुरीनं कापल्यासारखी पडते, मग कडक कडांचीच चित्रं कर की, कोरड्यावर कोरडं, सपाट सपाट. इंग्लंडात कॉटमन नावाचा चित्रकार होता, त्याची तसली सपाट वॉशची चित्रं बघ, २०० वर्षांपूर्वीची असून कालची वाटतात. आणि पावसाळ्यात वाळत नाही तर बंगालवाल्यांचं घे, धुवत बस, चार दिवस एकच चित्र. म्हणजे वर्षभरात तुझ्या दोन पद्धती होतील आणि दोन्ही या हवेनं दिलेल्या असतील.

पावसाळ्यात आणखी एक, कागद उघडा ठेवू नको. आपल्या दमट हवेत सायझिंगला बुरशी धरते, दिसत काही नाही पण रंग लावला की ठिपक्या-ठिपक्यानं कागद रंग पितो. प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद करून ठेव. ३०० जीएसएमचा कॉटन कागद महाग आहे मान्य, पण मोठा शीट, २२ बाय ३० इंची, घेऊन चार तुकडे केले की पॅडपेक्षा बहुतेक स्वस्त पडतो. रंग कॅमलचे आर्टिस्ट ग्रेडचे चालतील सुरुवातीला, पैसे वाचवायचे तर रंगात वाचव, कागदात नको.

तर वाट कशी सापडणार, हे विचारलंयस. मी तुझ्या जागी असतो तर काय करेन तेवढं सांगतो. कौलं-जांभा-धुकं हे धरून ठेवेन आणि वर्षभर दुसरा विषय घेणार नाही. तीनच ट्यूब, अल्ट्रामरीन निळा, बर्न्ट सिएना, एक पिवळा, आणि पांढरा गुवाश, म्हणजे अपारदर्शक वॉटरकलर. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनात तुला ढगापासून ओल्या दगडापर्यंत सगळे राखाडी मिळतात, शिवाय अल्ट्रामरीन दाणेदार बसतो, त्यामुळं दगड काढायला लागत नाही, रंगच दगड होतो. पिवळा घालून येणारा हिरवा मळकट येतो, व्हिडिओवाल्यांना तो आवडत नाही, पण शेवाळ तसंच असतं. फोटोवरनं करू नको असं मी म्हणणार नाही, पावसात बाहेर कुठं बसणार, पण फोटो स्वतः काढलेला असू दे आणि काढताना तिथं दहा मिनिटं नुसतं उभी राहा. नक्कलही बंद करू नको, फक्त नक्कल करताना विषय तुझा घाल. गर्टिनची ती रचना घे, एकच उजेडाचा तुकडा आणि बाकी सगळं मंद, आणि त्यात हलशीचं देऊळ बसव नाहीतर मलप्रभेकाठचं एखादं घर. मग कळेल त्याचं काय चालतंय आणि तुझं काय चालतंय. सहा महिन्यांनी कंटाळा येईल, हमखास येईल, तो कंटाळा येईपर्यंत तू फक्त शिकलेलंच काढत असतेस, खरं बघायला त्यानंतर सुरुवात होते.

क्लास सोडू का, हे तू विचारलं नाहीस पण वाचताना जाणवलं. सोडू नको. सरांचा हात तयार आहे आणि पांढऱ्याशिवाय करायला लावतात त्यानं तुला कागद राखायची सवय लागेल, ती आयुष्यभर पुरते. क्लासमध्ये त्यांच्या नियमानं, घरी तुझ्या.

आणि विकायचा विचार मनात असेल तर आधी एक कर. ट्यूबवर पिगमेंटचा नंबर छापलेला असतो तो वाचायला शिक. १८८८ ला इंग्लंडात रसेल आणि अॅबनी या दोघांनी उजेडानं वॉटरकलर कसे उडतात यावर मोठा अहवाल दिला, तेव्हापासून माहीत असलेली गोष्ट आहे पण आपल्याकडं अजून लोक चमकदार गुलाबी बघून ट्यूब उचलतात. ऑपेरा नावाचा झगझगीत गुलाबी आणि जुना अलिझरिन क्रिमसन, म्हणजे पीआर ८३, हे उजेडात टिकत नाहीत. तुझ्याकडचे सगळे रंग एका पट्टीवर लाव, अर्धी पट्टी काळ्या कागदानं झाक आणि भरपूर ऊन येणाऱ्या खिडकीला मार्च ते मे चिकटवून ठेव, जूनला काढून बघ कुठले उरले. उरलेल्या रंगातलीच चित्रं विकायची. फ्रेम करताना काच आणि चित्राच्या मधे माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घाल, नाहीतर आपल्या पावसात चित्र काचेला चिकटतं, आणि गिऱ्हाइकाला ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका म्हणून आधीच सांग.